हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे : स्टेंट लगेच घालावा की आधी औषधोपचार करावा?

दारव्ह्याचे गुरुजी (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमचे दाजी सत्तावन्न वर्षांचे असून कास्तकारी करतात. कपाशीच्या वेचणीच्या वेळी गाठोडे घेऊन धुऱ्यावर (बांधावर) चढले की छातीत आवळल्यासारखे होते आणि थोडा वेळ बसले की ते आपोआप थांबते, असे ते सांगू लागले. काही आठवडे गॅसची पुडी घेण्यात गेले. पुढे ईसीजी नॉर्मल आला, परंतु ट्रेडमिलच्या चाचणीत दोष दिसला, म्हणून नागपूरच्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी (हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी) केली. तीनपैकी दोन वाहिन्यांत ७० ते ८० टक्के अडथळे निघाले. डावी मुख्य वाहिनी मोकळी असून हृदयाचे आकुंचन चांगले आहे, असे अहवालात लिहिलेले आहे.

तेथे आम्हाला असे सांगण्यात आले की स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) आजच घालून घ्या, उद्याची खात्री नाही. दाजी घाबरले आणि औषधे घेऊन घरी परतले. आता घरात दोन तट पडले आहेत. बहीण म्हणते की जोखीम नको, घालून टाका. दाजी म्हणतात की गोळ्यांनी बरे वाटत आहे, मग कशाला? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. दुसरी काळजी भाच्याची आहे. तो चौतीस वर्षांचा आहे, दिवसभर त्याच्या गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) असतो आणि बापाचा आजार हा वयाचा आजार आहे, अशी त्याची ठाम समजूत आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी (वर्धा)

गुरुजी, आपण अहवालातील नेमक्या गोष्टी लिहिल्या हे फार चांगले केले, कारण उत्तर त्यांच्यावरच अवलंबून आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी झाली, त्या अनुभवावर आणि वाचनावर लिहितो. अंतिम निर्णय दाजींना तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

या आजाराची दोन रूपे आहेत आणि आपल्याकडचा बहुतेक गोंधळ ती एक मानल्यामुळे होतो. पहिले रूप दाजींचे : श्रम केले की दुखते, बसले की थांबते, आणि हा क्रम ठरावीक राहतो. याला स्थिर अंजायना म्हणतात. दुसरे रूप म्हणजे हृदयविकाराचा झटका, ज्यात वाहिनी अचानक बंद पडते, बसूनही कळ थांबत नाही आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचे स्नायू मरत जातात. झटक्यात वाहिनी तातडीने उघडणे जीव वाचवते, याबद्दल वाद नाही. स्थिर अंजायनात मात्र चित्र वेगळे आहे.

ठिबकच्या नळीत क्षार साचत जातात आणि एके दिवशी ती बंद पडते, तसेच हृदयाचे होत असावे, असे आपल्या मनात असते. म्हणून ८० टक्के ऐकले की उरलेले २० टक्के कधी बंद होतील या भीतीने माणूस सही करून मोकळा होतो. ही कल्पना दिशाभूल करणारी आहे. वाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साचतो, त्यावर पातळ कवच असते, ते फाटले की तेथे रक्ताची गुठळी तयार होते, आणि ती गुठळी वाहिनी बंद करते. फाटणारा थर बऱ्याचदा सर्वांत अरुंद जागेचा नसतो. ३० किंवा ४० टक्क्यांचा, कोणी लक्ष न दिलेला थरही फाटू शकतो. स्टेंट त्या एका जागेवर काम करतो, तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध), अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाची औषधे सगळ्या वाहिन्यांवर करतात.

२००७मध्ये प्रसिद्ध झालेला करेज आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला इस्केमिया, हे दोन मोठे अभ्यास याच प्रश्नावर झाले. इस्केमियामध्ये ५,१७९ रुग्ण होते. स्थिर आजारात चांगल्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपास शस्त्रक्रियेची जोड सुरुवातीलाच दिल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीतील दुखणे मात्र अधिक कमी झाले. डावी मुख्य वाहिनी अरुंद असलेले, हृदयाचे आकुंचन फार कमी झालेले, नुकताच झटका येऊन गेलेले किंवा औषधांनीही दुखणे न आवरणारे रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. दाजी यांपैकी कशातही बसत नाहीत असे दिसते. म्हणून "उद्याची खात्री नाही" हे वाक्य त्यांच्या अहवालावरून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण मात्रेत औषधे घ्यावीत, आणि त्यानंतरही धुऱ्यावर चढताना दुखत राहिले, तर दुखणे कमी करण्यासाठी स्टेंटचा विचार शांतपणे करावा. घाई एकाच स्थितीत करावी : दुखणे कमी श्रमात येऊ लागले, बसल्या जागी आले किंवा झोपेतून उठवू लागले, तर तो स्थिर आजार राहिलेला नाही असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मधुमेह असून दोन-तीन वाहिन्यांत अडथळे असतील, तर मात्र बायपासचा विचार करावा लागतो. अशा रुग्णांत स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरल्याचे २०१२च्या फ्रीडम अभ्यासात दिसले. दाजींना मधुमेह आहे का?

दारव्ह्याचे गुरुजी

मधुमेह नाही, साखर तपासली आहे. रक्तदाब आहे, पण डोके दुखले तरच गोळी घ्यायची अशी त्यांची पद्धत होती.

कपाशी (समुद्रपूर, जि. वर्धा)

डॉक्टरसाहेब, माझी एक शंका आहे. आमच्या गावात पक्की समजूत आहे की घाम गाळणाऱ्या माणसाला हा आजार होत नाही, तो गादीवर बसणाऱ्या शेटजीचा आजार आहे. मग कास्तकाराला आणि मजुराला तो का होऊ लागला? आमच्याकडे तूप-लोणी खाणारे असे किती लोक आहेत? भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा खाणाऱ्याच्या वाहिन्यांत चरबी कुठून येते?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

प्रश्न रास्त आहे. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्यामागची ९० टक्क्यांहून अधिक जोखीम नऊ गोष्टींनी समजावून सांगता येते, असे त्यात आढळले : रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाजीपाल्याचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाशी निगडित एक घटक. यांतील अर्ध्या गोष्टी तुमच्या गावच्या पारावर बसून मोजता येतील. त्याच अभ्यासाच्या माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. तेव्हा भाच्याचा "वयाचा आजार" हा मुद्दा आपल्या भागात तर मुळीच टिकत नाही.

श्रमाबद्दल म्हणाल, तर कास्तकाराचे श्रम आता हंगामी झाले आहेत. नांगरणी ट्रॅक्टरने होते, वावरात मोटारसायकलने जाणे होते, आणि फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत बरेच जण पारावर किंवा पानठेल्यावर असतात. अंगमेहनतीने फायदा होतोच, पण तंबाखू आणि न मोजलेला रक्तदाब यांची भरपाई ती करत नाही. शिवाय आपल्या लोकांत अंगाने बारीक असूनही पोट सुटलेले असणे, रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त आणि चांगले कोलेस्टेरॉल कमी असणे हे फार आढळते. भाकर-वरणात दोष नाही. त्या ताटाशेजारचे लोणचे, पापड, बाजाराच्या दिवशीचा आलूबोंडा आणि तर्रीवर तरंगणारे तेल यांचा हिशोब आपण धरत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणच्याचे मीठही आले.

कर्ज, नापिकी आणि भाव पडणे यांचा ताण हाही एक घटक आहेच. परंतु त्यावर औषधाच्या चिठ्ठीत लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

कपाशी

धूम्रपानाचे समजले. पण आमच्याकडे विडी ओढणारे आता थोडे उरले आहेत. खर्रा तर धूर करत नाही. तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना माहीत आहे, पण हृदयाचा त्याच्याशी काय संबंध?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

संबंध थेट आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तेव्हा चुन्यामुळे निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून वेगाने रक्तात उतरते. त्याने नाडी वाढते, रक्तदाब वाढतो आणि वाहिन्या आकसतात. विडी काही मिनिटांत संपते, खर्रा मात्र तासभर गालात असतो. इंटरहार्टच्याच माहितीवर २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता तंबाखूपासून दूर राहणाऱ्यांच्या सुमारे २.२ पट आढळली, आणि चघळणे व ओढणे दोन्ही करणाऱ्यांत ती चौपट होती.

गुरुजी, भाच्याला ही आकडेवारी सांगून उपयोग होईल याची मला फारशी आशा नाही. त्याऐवजी त्याचा रक्तदाब मोजा, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची चाचणी) करून घ्या, आणि शक्य असल्यास आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातील चरबीचे एक द्रव्य) तपासा, कारण ते आनुवंशिक असते आणि साध्या लिपिड चाचणीत दिसत नाही. स्वतःच्या नावाचा कागद हातात आला की माणूस ऐकतो. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत किंवा आई-बहिणीला पासष्टच्या आत हा आजार झाला, तर ती घराण्याची मोठी जोखीम मानतात. दाजी त्या रेषेच्या थोडेच पलीकडे आहेत, म्हणून भाचा निर्धास्त राहू शकत नाही.

निसर्गमार्गी (अमरावती)

एवढ्या गोळ्यांची गरज नाही. आले, लसूण, लिंबू आणि सफरचंदाचा शिरका यांचा रस आटवून मध घालून रोज घ्यावा, वाहिन्या मोकळ्या होतात. दुधी भोपळ्याचा कच्चा रसही उत्तम. आमच्या परिचयात अनेकांचे बायपास टळले आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

टळले, की करण्याची गरजच नव्हती? वर लिहिल्याप्रमाणे स्थिर आजारात पुष्कळ जण शस्त्रक्रियेविना चांगले राहतात, आणि त्याचे श्रेय त्या काळात जे घेतले असेल त्याला मिळते. लसूण, आले भाजीत अवश्य घालावे. त्या काढ्याने साचलेला थर विरघळल्याचा पुरावा नाही. दुधीच्या रसाबद्दल मात्र स्पष्ट इशारा देतो : दुधी कडू निघाला तर त्यात विषारी द्रव्ये असतात, अशा रसाने रक्ताच्या उलट्या होऊन मृत्यू झाल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. चव कडू लागली की पेला तिथेच ओतून द्यावा.

औषधीवाले काका (आर्णी, जि. यवतमाळ)

माझे औषधी दुकान आहे. काउंटरच्या अलीकडून जे दिसते ते लिहितो. स्टेंट घालून आलेला माणूस पहिला महिना पूर्ण औषधी नेतो, दुसऱ्या महिन्यात "काका, दहा दिवसांचीच द्या" म्हणतो आणि पुढे दिसेनासा होतो, कारण त्याला बरे वाटत असते. झटक्यानंतर स्टेंट घातलेला असेल तर अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर हे गुठळी रोखणारे दुसरे औषध साधारण वर्षभर घ्यावे लागते. ते मधेच बंद केल्यास स्टेंटच्या आत गुठळी होऊन तो पूर्ण बंद पडू शकतो. दात काढायचा असला तरी आपल्या मनाने ही गोळी थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. नागपूरची चिठ्ठी आणि तालुक्याची चिठ्ठी यांत एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने असते, शिवाय अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूलही मिळते. त्यामुळे माणूस तेच औषध दुप्पट खातो. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दुकानात किंवा दवाखान्यात घेऊन याव्यात, मागचे मूळ नाव वाचून आम्ही सांगू शकतो.

आणि तिसरी गोष्ट, जी येथे कोणी लिहिली नाही. वेचणीच्या आणि सोयाबीन कापणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या लोक शेंगदाण्यासारख्या खातात. या प्रकारच्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, झटक्याची जोखीम वाढते, आणि आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. हृदयाच्या रुग्णाला मी पॅरासिटामॉल देतो आणि उरलेले डॉक्टरांवर सोपवतो. काही गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जातात, जावोत.

रात्रपाळी (अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, जि. चंद्रपूर)

चर्चा चांगली चालली आहे, परंतु ती बरीचशी स्थिर आजाराभोवती फिरत आहे. आमच्याकडे माणसे मरतात ती पहिल्या काही तासांत, म्हणून त्याबद्दल लिहिते.

रात्री रुग्ण येतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो. ईसीजीचे रबरी फुगे घामाने ओल्या छातीवर बसत नाहीत, गॉजने छाती कोरडी करावी लागते, पुन्हा जेल लावावे लागते. नातेवाईक मागून म्हणत असतात, "सिस्टर, गॅस आहे, एक इंजेक्शन द्या." मग कागद यंत्रातून सरकू लागतो आणि दोन-तीन ओळींत रेषा वर उचललेली दिसते, म्हणजे वाहिनी बंद पडून झटका आलेला असतो. त्या क्षणापासून पुढचे सगळे घड्याळावर असते. डॉक्टर कागदाचा फोटो जिल्ह्याच्या फिजिशियनकडे पाठवतात आणि गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा निर्णय होतो. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट सलाइनमधून अर्धा ते एक तासात जाते, टेनेक्टेप्लेज असेल तर वजनाप्रमाणे एकाच सुईत. १२ तासांपर्यंत ते देता येते, परंतु खरा लाभ पहिल्या तीन तासांत असतो. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल, अलीकडे पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते देत नाहीत, म्हणून हे सगळे खरे सांगावे.

येथेच नातेवाईक अडतात. "इथे सुई नको, सरळ नागपूरला रेफर करा." अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट घालणे, हा उत्तम उपचार आहे हे खरे, पण ईसीजीनंतर दोन तासांच्या आत ती होऊ शकणार असेल तरच थेट तिकडे जावे. सिरोंचा, भामरागड, धारणी या दूरच्या तालुक्यांतून हे शक्य आहे का? गाडी ठरवणे, पैसे गोळा करणे, मामाजींना उठवणे यातच तास जातो. तेव्हा जवळच्या रुग्णालयात औषध घ्यावे आणि मगच १०८ ने पुढे निघावे. पुढच्या चोवीस तासांत तिकडे अँजिओग्राफी होते. अ‍ॅस्पिरिनसारखे जुने औषधही क्षुल्लक समजू नये. १९८८च्या आयसिस-२ अभ्यासात १७ हजारांवर रुग्ण होते. त्यात एकट्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटले, आणि स्ट्रेप्टोकायनेजची जोड मिळाल्यावर सुमारे ४२ टक्क्यांनी. संशय येताच, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर, ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, गिळायची नसते.

बायांबद्दल एक वाक्य लिहिते. त्यांच्यात आणि मधुमेहींमध्ये छातीतली कळ नसतेही, नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे आणि विलक्षण थकवा असतो. स्वयंपाक आटोपून मग दवाखान्यात येतात.

वैनगंगाकाठ (आरोग्य सेवक, जि. भंडारा)

सिस्टरताईंच्या लिहिण्याला जोड देतो. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत आपले भंडारा आणि वर्धा होते. त्यात ठरावीक क्रमाने औषध देतात, साधारणपणे आधी अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, आणि ती केंद्रावर विनामूल्य मिळतात. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा अर्ज आशाताई भरून घेतात. अडचण पुरुषांची आहे. आम्ही सकाळी गावात पोचतो तेव्हा ते वावरात असतात, संध्याकाळी भेटले तर म्हणतात, मला काही त्रास नाही. गुरुजींच्या दाजींसारखे डोके दुखल्यावर गोळी घेणारे प्रत्येक गावात आहेत. रक्तदाब वाढल्याने बहुतेकांचे डोके दुखत नाही, ही गोष्ट त्यांना पटवणे आमच्या नोकरीतले सर्वांत कठीण काम आहे.

दारव्ह्याचे गुरुजी

सर्वांचे आभार. उद्या स्टेंट घालण्याची वेळ आलीच तर खर्चाचे काय? तेथे आम्हाला अडीच लाखांचा अंदाज दिला होता.

वैनगंगाकाठ

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही आहेत. २०२३च्या शासन निर्णयाने ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का हे भरती होण्याआधी विचारावे, आणि तेथील आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार दाखवावे. पैसे भरल्यावर योजना लावण्याची धडपड फारशी यशस्वी होत नाही. स्टेंटच्या किमतीवरही फेब्रुवारी २०१७पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषधलेपित स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये ठरली होती, पुढे तिच्यात बदल होत गेले. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागावी.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

दाजींच्या औषधांबद्दल थोडे. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ७०च्या खाली, जमल्यास ५५च्या खाली आणायचे असते. अहवालावर "नॉर्मल १००पर्यंत" छापलेले असते ते निरोगी माणसासाठी. म्हणून आकडा नॉर्मल आला, आता स्टॅटिन बंद, असे करू नये. रक्तदाब १३०/८०च्या खाली असावा. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की घामाने पाणी कमी होते आणि रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, गोळ्यांनी चक्कर येते. तेव्हा गोळी आपल्या मनाने सोडण्याऐवजी रक्तदाब मोजून मात्रा बदलून घ्यावी. चालायला हरकत नाही, उलट रोज चालावे. फक्त जेवल्यावर लगेच आणि भर उन्हात नको.

दारव्ह्याचे गुरुजी

शेवटची शंका. दाजींना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दिली आहे. गावात तर कोणाच्याही छातीत दुखले की ती देतात. हे बरोबर आहे का?

रात्रपाळी

कोणालाही देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो. ज्याचा रक्तदाब आधीच कमी आहे किंवा ज्याने लैंगिक शक्तीची गोळी घेतली आहे, त्याला ती घातक ठरू शकते. पुरुष ही दुसरी गोष्ट सांगत नाहीत, म्हणून आम्ही नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारतो. दाजींनी ती ठेवण्यापूर्वी खाली बसावे, उभ्याने ठेवू नये. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ला फोन लावावा. स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नये. आणि पट्टी वावरात जाताना मोटारसायकलच्या डिक्कीत नको, वैशाखाच्या उन्हात गोळी निकामी होते. बंडीच्या आतल्या खिशात असू द्यावी आणि कोणत्या खिशात आहे हे घरच्यांना व सालदाराला माहीत असावे.